डोळ्यांवरची पेटी आणि दिवाणखान्यांतील खेळ



टेलिव्हिजनला जोडून घरच्या घरीं खेळावयाच्या यंत्राला 'कन्सोल' म्हणतात, हें आतां शाळकरी मुलांना सांगावें लागत नाहीं. त्यांच्या आजोबांना मात्र सांगावें लागतें. आणि डोळ्यांवर घट्ट बांधून, बाहेरचें कांहींएक दिसूं न देतां, आंतल्या आंत एक निराळेंच जग दाखविणारी जी पेटी असते, तिला व्हर्च्युअल रिअॅलिटीचा हेडसेट म्हणतात. 'आभासी वास्तव' हें त्या विद्येचें मराठी नांव वर्तमानपत्रांतून रूढ झालेलें आहे. या दोन वस्तूंची सोयरीक जुळविण्याचा प्रयत्न गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोठमोठ्या धनाढ्य कंपन्यांनीं मुख्यतः चार वेळां केला. पहिली सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली. दुसरें लग्न लागलें, पण संसार वर्षभरहि धड टिकला नाहीं. तिसरा संसार बरा चालला म्हणण्याइतका चालला. चौथा चालू आहे. परंतु माहेरचीं माणसें आतां पूर्वीसारखी चौकशी करीत नाहींत.

असें कां व्हावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या धंद्यांतील जाणते लोक त्याचें बहुधा एकच उत्तर देतात: यंत्र अद्याप पुरतें तयार नव्हतें, पडदा अंधुक होता, किंमत भारी होती, आणखी दहा वर्षांनीं पाहा. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें पहिल्या खेपेस दिलें गेलें, दुसऱ्या खेपेस दिलें गेलें, आणि आजहि दिलें जातें. जें उत्तर तीस वर्षें तेंच राहतें तें अपुरें असावें, अशी शंका जन्मभर इतिहास शिकविलेल्या माणसाला येणें साहजिक आहे. माझ्या मतें या विसंवादाचें मूळ यंत्राच्या कच्चेपणांत जितकें आहे तितकेंच, किंबहुना त्याहून अधिक, माणसांच्या बैठकींत आहे. तें दाखविण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

दोन डोळ्यांना एकाच वस्तूचीं किंचित् निराळीं अशीं दोन चित्रें दाखविलीं, तर मेंदू त्यांचें एकच, खोली असलेलें चित्र करतो, हें चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. याचें प्रत्यंतर श्रोत्यांना या क्षणीं घरबसल्या घेतां येईल. एक डोळा मिटून हाताचें बोट नाकासमोर धरावें. मग तो डोळा उघडून दुसरा मिटावा. मागच्या भिंतीच्या मानानें बोट बाजूला उडी मारल्यासारखें दिसेल. आपल्या दोन बुबुळांमध्यें सरासरीनें अवघें अडीच इंच अंतर असतें. त्या अडीच इंचांच्या भांडवलावर मेंदू सगळ्या सृष्टीची जवळीक व दुरावा मोजीत असतो. व्हीट्स्टननें दोन आरसे काटकोनांत मांडून आपलें यंत्र बनविलें. त्यांत घालावयाचीं चित्रें रेघांनीं काढलेलीं होतीं, कारण छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती पुढच्या वर्षीं, म्हणजे १८३९ त. पुढें डेव्हिड ब्रूस्टरनें १८४९ च्या सुमारास आरशांच्या जागीं भिंगें बसविलीं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत हा 'स्टिरिओस्कोप' व्हिक्टोरिया राणीच्या मनांत भरला, आणि तेथून तो घरोघर गेला. अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकानें १८६१ मध्यें हातांत धरावयाचा सुटसुटीत नमुना केला व त्याचें पेटंट घेतलें नाहीं. त्यामुळें तो स्वस्त झाला आणि शाळांतून व घराघरांतून पोंचला. आपला देशहि त्यांतून सुटला नाहीं. अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीनें १९०७ सालीं जेम्स रिकल्टन याच्या हिंदुस्थानच्या जोडचित्रांचा शंभर चित्रांचा संच व सोबतचें पुस्तक काढलें. हा रिकल्टन जगप्रवासाला लागण्यापूर्वीं न्यू जर्सींत शाळामास्तर होता, एवढें सांगितल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं.

आतां एक गोष्ट लक्षांत घ्यावी. स्टिरिओस्कोपमध्यें एका वेळीं एकालाच पाहतां येतें. त्याच काळांत दुसरी एक करमणूक जगभर चालूं होती, ती जादूच्या दिव्याची. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नांवानें तिचे खेळ केले, हें आपल्याकडील सिनेमाच्या इतिहासांत नमूद आहे. तेथें पडद्यापुढें शेंकडों माणसें बसत. आणि चित्रें जेव्हां हलूं लागलीं, तेव्हां या दोन पद्धतींचा उघड सामना झाला. एडिसनच्या कारखान्यांतून निघालेलें 'किनेटोस्कोप' हें यंत्र म्हणजे एका छिद्रांतून एकट्यानें वांकून पाहावयाची पेटी होती. १४ एप्रिल १८९४ रोजीं न्यू यॉर्कमध्यें तिचें दुकान उघडलें. पुढच्याच वर्षीं, २८ डिसेंबर १८९५ रोजीं, ल्युमिएर बंधूंनीं पॅरिसमध्यें पडद्यावर चित्रें टाकून तिकिटें विकलीं. आणि ७ जुलै १८९६ रोजीं तीं चित्रें मुंबईस वॉटसनच्या हॉटेलांत दाखविलींहि गेलीं. कांहीं थोड्या वर्षांतच पेटी मागें पडली व पडदा जिंकला. पेटींतलें चित्र कांहीं वाईट नव्हतें. परंतु शेजारचा माणूस हंसला म्हणजे आपल्यालाहि हंसूं येतें, आणि पेटींत शेजार नसतो.

घरगुती कन्सोल हा पडद्याच्या कुळांतला आहे. राल्फ बेअर या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेंतून निघालेलें 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हें पहिलें घरगुती यंत्र १९७२ सालीं विक्रीस आलें. त्यांतले बहुतेक खेळ दोघांनीं मिळून खेळावयाचे होते. यंत्राला एकट्यानें प्रतिस्पर्धी होण्याइतकी अक्कलच नव्हती! पडद्यावर फक्त प्रकाशाचे ठिपके हलत. मैदान, घर, जंगल यांचीं रंगीत पारदर्शक पानें टेलिव्हिजनच्या कांचेवर चिकटवावीं लागत. पुढें जपानांत क्योटो शहरांतील निन्टेन्डो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं जें यंत्र काढलें, त्याचें नांवच 'फॅमिली कम्प्युटर' असें होतें. ही कंपनी मूळची १८८९ ची, हानाफुदा नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करणारी. म्हणजे माणसें वर्तुळ करून बसतात तेव्हां त्यांच्या हातांत काय असावें, हें जाणणारी. त्या फॅमिली कम्प्युटरला खेळण्याचे दोन हातकंट्रोल होते आणि दोन्हींच्या तारा यंत्राला कायमच्याच जोडलेल्या होत्या. दुसरा कंट्रोल वेगळा विकत घ्यावा लागत नसे. दुसरा माणूस गृहीतच धरलेला होता. ही बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते.

डोळ्यांवरच्या पेटीची वंशावळ याहून निराळी आहे. ती दिवाणखान्यांत जन्मली नाहीं, प्रयोगशाळेंत जन्मली. मॉर्टन हायलिग नांवाच्या अमेरिकन सिनेमावाल्यानें १९६० सालीं डोक्यावर चढवावयाच्या चित्रपेटीचें पेटंट घेतलें, व १९६२ सालीं 'सेन्सोरामा' या यंत्राचें घेतलें. त्यांत चित्राबरोबर वारा, वास आणि बैठकीचे हादरेहि मिळत. तें चाललें नाहीं. खरी पायाभरणी केली ती आयव्हन सदरलँड यानें. १९६८ मध्यें त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं असें यंत्र दाखविलें, कीं डोकें वळवावें तसें चित्रहि त्या मानानें वळे. डोक्याची हालचाल मोजणारा लोखंडी दांडा छतापासून लोंबत असे. म्हणून त्याला ग्रीक कथेंतल्या, डॅमोक्लीझच्या डोक्यावर टांगलेल्या तरवारीचें नांव मिळालें. आंत दिसे काय, तर तारेसारख्या रेघांनीं काढलेला एखादा ठोकळा! पण तो ठोकळा हवेंत एका जागीं स्थिर राही, आणि पाहणाऱ्याला त्याच्या बाजूला जाऊन वांकून पाहतां येई. व्हीट्स्टनच्या पेटींत आणि या पेटींत जो फरक आहे तो एवढाच, पण एवढ्यांतच सगळें आलें. तेथें माणूस चित्र पाहतो; येथें तो चित्रांत उभा असतो.

मुलांच्या खेळांत ही विद्या प्रथम अर्धवट रूपानें आली. १९८७ सालीं निन्टेन्डो व सेगा या दोन्ही कंपन्यांनीं खोली दाखविणारे चष्मे काढले, त्यांत डाव्या-उजव्या डोळ्यांपुढची कांच आळीपाळीनें झांकली जाई. १९८९ त 'पॉवर ग्लव्ह' नांवाचा हातमोजा आला. तो जॅरन लनिअर याच्या कंपनीनें संशोधकांसाठीं केलेल्या महागड्या हातमोज्याचा स्वस्त भाचा. पण हीं सारीं तोरणें. लग्न अजून पुढेंच होतें.

१९९३ च्या उन्हाळ्यांत शिकागोच्या प्रदर्शनांत सेगा कंपनीनें आपल्या 'जेनेसिस' कन्सोलला जोडावयाचा हेडसेट मांडला. किंमत दोनशें डॉलर सांगितली, चार खेळांचीं नांवेंहि जाहीर केलीं. १९९४ सालीं तो बेत गुंडाळला गेला. कंपनीनें कारण दिलें तें असें: अनुभव इतका हुबेहूब आहे, कीं डोळे बांधलेला खेळाडू भान विसरून हालचाल करील आणि स्वतःला इजा करून घेईल. व्यापाराच्या इतिहासांत माल अतिउत्तम झाला म्हणून विकावयाचा राहिला, असा दाखला दुसरा सांपडणें कठीण. खरें कारण, घेरी आणि मळमळ हें होतें, असें त्या काळापासून बोललें जातें, व तें मला अधिक पटतें.

यानंतर आला 'व्हर्च्युअल बॉय'. त्याच्याविषयीं जरा विस्तारानें बोलावयास हवें, कारण तो एका थोर कारागिराच्या हातून निघाला आणि तरीहि पडला.

गुनपेइ योकोइ हे १९६५ सालीं निन्टेन्डोंत लागले ते पत्ते छापण्याच्या यंत्रांची देखभाल करण्याच्या कामावर. रिकाम्या वेळेंत त्यांनीं लांब पसरणाऱ्या चिमट्यासारखें एक खेळणें केलें. तें मालकाच्या नजरेस पडलें, १९६६ त बाजारांत आलें आणि खूप खपलें. पुढें १९८० चा 'गेम अँड वॉच' आणि १९८९ चा 'गेम बॉय' हीं त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं झालीं. त्यांचें एक सूत्र प्रसिद्ध आहे: जुन्या, मुरलेल्या, स्वस्त झालेल्या तंत्राचा आडव्या विचारानें नवा उपयोग करावा. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत होते. तरी बॅटरी टिके, किंमत परवडे, आणि दोन मुलें तार जोडून समोरासमोर खेळत. तोच जिंकला.

अशा माणसापुढें मॅसॅच्युसेट्समधील रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीची युक्ति आली. प्रत्येक डोळ्यासाठीं लाल दिव्यांची एक उभी रांग, २२४ बारीक दिव्यांची. आणि तिच्यापुढें झपाट्यानें झुलणारा आरसा. जळतें कोलीत अंधारांत फिरविलें म्हणजे अग्नीचें वर्तुळ दिसतें, ज्याला आपल्याकडे अलातचक्र म्हणत आले, त्याच न्यायानें ती एक रांग डोळ्याला संपूर्ण चित्र वाटे. लालच रंग कां, तर लाल दिवे स्वस्त आणि कमी वीज खाणारे. निळे प्रखर दिवे त्या काळीं नुकतेच निघालेले आणि महाग होते. योकोइंच्या सूत्राला धरूनच हें होतें. परंतु सूत्र तेंच असूनहि फळ तेंच येईल असा नियम नाहीं.

२१ जुलै १९९५ रोजीं जपानांत १५,००० येनला, व १४ ऑगस्टला अमेरिकेंत १७९ डॉलर ९५ सेंटला यंत्र विक्रीस आलें. डोक्यावर बांधण्याचा मूळ बेत सुटला होता. दोन पायांच्या घोडीवर तें टेबलावर ठेवावयाचें, आणि आपण मान पुढें काढून डोळे आंत खुपसावयाचे. म्हणजे एडिसनची वांकून पाहावयाची पेटीच शंभर वर्षांनीं पुन्हां अवतरली. डोकें वळविलें तर चित्र वळत नसे. सगळें जग तांबडें आणि काळें. सात वर्षांखालील मुलांनीं वापरूं नये असा इशारा. ठराविक वेळानें खेळ आपोआप थांबून विश्रांतीची आठवण करून देण्याची सोय. सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारा नवा कायदा जपानांत त्याच जुलैच्या १ तारखेला अंमलांत आला होता, हेंहि येथें लक्षांत ठेवावें. शिवाय जाहिरात करावी कशी? जी खोली पेटींत डोळे घातल्याशिवाय दिसत नाहीं, ती टेलिव्हिजनवर किंवा छापील कागदावर दाखविणार कोण? आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही: दोन यंत्रें एकमेकांना जोडण्यासाठीं एक खांच ठेवलेली होती, परंतु तिच्यांत बसणारी तार कधीं बाजारांत आलीच नाहीं. खांच रिकामीच राहिली.

सारे मिळून २२ खेळ निघाले, सुमारें ७ लाख ७० हजार यंत्रें खपलीं, आणि १९९६ च्या पूर्वार्धापर्यंत सगळा कारभार आटोपला. योकोइ त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें निन्टेन्डोंतून बाहेर पडले. या अपयशामुळें त्यांना जावें लागलें असें पुष्कळ लोक सांगतात. कार्यकारणभाव इतक्या चटकन् जोडूं नये असें मला वाटतें. त्यांनीं स्वतःची लहानशी कंपनी काढली, आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं रस्त्यावरील अपघातांत ते मृत्यु पावले. त्यांनीं आंखलेलें 'वंडरस्वान' हें हातांतील यंत्र त्यांच्या पश्चात् १९९९ त बांदाई कंपनीनें काढलें. माणसाचें उभें आयुष्य एका फसलेल्या वस्तूच्या नांवानें ओळखलें जावें, हा अन्याय इतिहासांत नेहमींच होतो. शाळेंत आम्हींहि पानिपताच्या पानावर भाऊसाहेबांची उदगीर विसरून जात असूं.

पुढचीं पंधरा-सोळा वर्षें या विषयाची चर्चा थंडच होती. मग खिशांतल्या फोनमुळें लहान, स्वच्छ पडदे आणि हालचाल मोजणारे बारीक भाग कवडीमोल झाले. २०१२ च्या ऑगस्टांत पामर लकी या कॅलिफोर्नियांतील एकोणीस वर्षांच्या तरुणानें लोकवर्गणीसाठीं आपला 'ऑक्युलस रिफ्ट' मांडला. वर्गणी चोवीस लाख डॉलरांवर गेली. मार्च २०१४ मध्यें फेसबुकनें ती कंपनी दोनशें कोटि डॉलरांना घेण्याचें जाहीर केलें. त्याच महिन्यांत जपानच्या सोनी कंपनीनें आपल्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलसाठीं हेडसेट करीत असल्याचें सॅन फ्रान्सिस्को येथें सांगितलें, आणि १३ ऑक्टोबर २०१६ रोजीं तो 'प्लेस्टेशन व्हीआर' या नांवानें ३९९ डॉलरांस विक्रीस आणला.

ही तिसरी सोयरीक सर्वांत विचारपूर्वक केलेली होती. आपल्या कानाच्या आंत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोळे सांगतात कीं आपण धांवत आहों, कान सांगतो कीं आपण कोचावर बसलों आहों. या भांडणांत पोट ढवळतें. म्हणून सोनीनें नियम केला, कीं सेकंदाला साठांहून कमी चित्रें दाखविणारा खेळ स्वीकारणार नाहीं. आणखी एक शहाणपण तिनें दाखविलें. पेटींतल्या माणसाला दिसतें त्याहून निराळें चित्र त्याच वेळीं टेलिव्हिजनवर उमटविण्याची सोय केली, म्हणजे एक जण आंत आणि बाकीचे बाहेर, असे मिळून खेळतां येई. यांतला एक खेळ मला विशेष आवडला. त्यांत हेडसेट घातलेल्यापुढें एक सुरुंग असतो, तो निकामी कसा करावयाचा याचें पुस्तक मात्र बाहेरच्यांच्या हातांत. आंतला वर्णन करतो, बाहेरचे पानें उलटून सूचना देतात. जो नीट बोलत नाहीं आणि जो नीट ऐकत नाहीं, ते दोघेहि उडतात. व्याकरणाचा आणि शुद्ध कथनाचा इतका कडक परीक्षक मीं माझ्या नोकरींत पाहिला नाहीं.

वस्तूच्या गुणांविषयीं मला कंजुषी करावयाची नाहीं. एका नातलगाच्या घरीं मीं तो हेडसेट घालून पाहिला आहे. उंच कड्याच्या टोंकाशीं उभें केल्यावर, पायाखालीं सतरंजी आहे हें पक्कें ठाऊक असूनहि, माझे गुडघे वांकले. कोणत्याहि पडद्यानें, कोणत्याहि कादंबरीनें माझे गुडघे असे वांकविलेले नाहींत. २०१७ सालच्या 'रेसिडेंट ईव्हिल ७' या भयकथेच्या खेळाची ख्याति आणि २०१८ च्या 'अॅस्ट्रो बॉट' या गोजिरवाण्या खेळाची ख्याति, दोन्ही सार्थ आहेत. पण त्याच संध्याकाळीं घरांतली आजी पोह्यांची बशी घेऊन आली आणि नातवाच्या शेजारीं उभी राहिली. त्याला ती दिसली नाहीं, आणि कानांवरहि आवरण असल्यामुळें ऐकूंहि आली नाहीं. ती थोडा वेळ थांबली व बशी मेजावर ठेवून गेली. मूल पुस्तकांत गढलें तरी असें होतें, हें मला मान्य आहे. परंतु पुस्तक दिवाणखाना अडवून बसत नाहीं.

आंकडे पाहूं. सोनीनें २०२० च्या आरंभीं जाहीर केलें, कीं २०१९ अखेरपर्यंत पन्नास लाख हेडसेट विकले गेले. संख्या लहान नव्हे. परंतु तोंवर प्लेस्टेशन ४ दहा कोटींहून अधिक घरांत गेलें होतें; म्हणजे ज्या घरांत यंत्र होतें त्यांतील वीसांतल्या एका घरानेंच पेटी घेतली. खेळ तयार करणारा धंदेवाला हा हिशेब लगेच ओळखतो. वीसांतल्या एकासाठीं वर्षानुवर्षें खपून मोठा खेळ करण्यापेक्षां तो वीसहि जणांसाठीं करणें त्याला परवडतें. आणि मोठे खेळ येत नाहींत म्हणून उरलेले एकोणीस पेटी घेत नाहींत. हें चक्र आजतागायत कोणी तोडलेलें नाहीं. शिवाय बारा वर्षांखालील मुलांनीं ती वापरूं नये असें सोनीनें स्पष्ट लिहिलें होतें. तें योग्यच होतें; पण कन्सोलच्या बाजारांत त्याचा अर्थ असा, कीं घरांतल्या ज्या धाकट्यांच्या हट्टानें यंत्र आलें, त्यांनाच पेटी वर्ज्य.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१६ सालीं आपल्या नव्या एक्सबॉक्सवर आभासी वास्तव येणार असें सांगितलें, आणि मग त्याबद्दल मौन धरलें. एक्सबॉक्सला स्वतःचा हेडसेट आलाच नाहीं. आणि निन्टेन्डो? एकदां पोळलेल्या या कंपनीनें एप्रिल २०१९ मध्यें जें काढलें तें पुठ्ठ्याचें होतें. 'लाबो' या संचांत घडी घालून मुलांनींच चष्म्याची पेटी बनवावयाची आणि आंत स्विच हें यंत्र सरकवावयाचें. तिला डोक्याला बांधण्याचा पट्टा मुद्दामच ठेवलेला नव्हता. हातांनीं धरून पाहावें, आणि पाहून झालें कीं शेजाऱ्याच्या हातांत द्यावें, अशी ती योजना. व्यापारी यश म्हणून तिची गणना कोणी करीत नाहीं. परंतु चौघांमधें ज्याला सर्वांत अधिक समजलें होतें त्याचें तें काम होतें, असें माझें मत आहे.

चौथी खेप सोनीचीच. २२ फेब्रुवारी २०२३ रोजीं प्लेस्टेशन ५ साठीं 'व्हीआर २' आला. पहिल्या खेपेचे सगळे तांत्रिक दोष त्यांत धुऊन काढले होते: अनेक तारांच्या गुंत्याच्या जागीं एकच तार, प्रत्येक डोळ्याला २००० बाय २०४० ठिपक्यांचें चित्र, नजर कोठें वळली हें ओळखणारे कॅमेरे पेटीच्या आंतच. धंद्यांतले लोक ज्याची वाट पाहा म्हणत होते तें सर्व आलें. पण किंमत ५५० डॉलर, म्हणजे ज्या कन्सोलला तो जोडावयाचा त्या ५०० डॉलरांच्या कन्सोलहून अधिक; आणि पहिल्या हेडसेटचे खेळ यावर चालत नाहींत. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारें सहा लाख खपले, आणि मग वेग मंदावला. फेब्रुवारी २०२४ मध्यें सोनीनें आपला लंडनचा स्टुडिओ, जेथें या प्रकारचे कांहीं नांवाजलेले खेळ झाले होते, बंद करण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें हा हेडसेट साध्या संगणकाला जोडण्याचें साधन विक्रीस ठेवलें. आणि मार्च २०२५ मध्यें किंमत ४०० डॉलरांवर आणली. यंत्र पुरतें तयार होऊनहि संसार रंगला नाहीं, हा या खेपेचा पुरावा मला निर्णायक वाटतो.

दरम्यान फेसबुकवाल्यांनीं, ज्यांनीं आतां 'मेटा' हें नांव घेतलें आहे, निराळा मार्ग धरला. त्यांच्या २०१९ च्या 'क्वेस्ट' या पेटीला कन्सोल लागत नाहीं, टेलिव्हिजन लागत नाहीं, तारहि लागत नाहीं. सगळें यंत्र पेटीच्या पोटांतच. ती दिवाणखान्यांत सून म्हणून येत नाहीं. स्वतंत्र बिऱ्हाड करते. मुलगा आपल्या खोलींत दार लावून ती घालूं शकतो. धंदा म्हणून हा मार्ग अधिक सरळ आहे. घर म्हणून काय, हें प्रत्येक घरानें पाहावयाचें.

आणि गंमत अशी, कीं इतक्या वर्षांनंतर निन्टेन्डोला आपल्या जुन्या तांबड्या यंत्राची आठवण झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें कंपनीनें जाहीर केलें, कीं व्हर्च्युअल बॉयचे खेळ १७ फेब्रुवारी २०२६ पासून तिच्या स्विच यंत्राच्या वर्गणीदारांना मिळतील. ते पाहण्यासाठीं मूळ यंत्राची, त्या दोन पायांच्या घोडीसकट, शंभर डॉलरांची प्रतिकृति ठेवलेली आहे. आणि ज्यांना ती परवडणार नाहीं त्यांच्यासाठीं पंचवीस डॉलरांची पुठ्ठ्याची.